घरी टायरमध्ये हवा भरण्यासाठी पंप कोणता घ्यावा? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

टायरच्या झिजेविषयी या सदरात लिहिताना ‘हवेचा दाब दर पंधरा दिवसांनी पाहावा’ असे एक वाक्य जाता जाता आले होते. त्या एका वाक्यावर जितकी पत्रे आली तितकी बाकीच्या संपूर्ण लेखावर आली नाहीत. दाब पाहू, पण तो कमी निघाला तर घरच्या घरी भरण्यासाठी भरवशाचा पंप कोणता, असा बहुतेकांचा प्रश्न आहे. त्यातील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. प्रश्न थोडे संक्षिप्त केले असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : चार वर्षांत माझे दोन पंप बाद झाले. पहिला पायाने मारायचा होता, त्याची नळी मुळाशी फाटली. दुसरा गाडीतील सॉकेटवर चालणारा होता. पूर्ण बसलेला एक टायर भरताना तो गरम होऊन कायमचा बंद पडला. आता तिसरा घ्यायचा आहे. खोक्यावर ‘१५० पीएसआय’ लिहिलेला पंप अधिक मजबूत असतो का? टिकणारा पंप ओळखावा कसा? की बॅटरीवर चालणारा घ्यावा?

उत्तर : खोक्यावरच्या १५० या आकड्याकडे आपण दुर्लक्ष केलेत तरी चालेल. बहुतेक मोटारींच्या टायरना ३० ते ३६ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड, असे दाबाचे एकक) एवढाच दाब लागतो. अगदी लहान, तात्पुरत्या वापराची जी बारीक स्टेपनी काही गाड्यांबरोबर येते तिला ६० पीएसआय लागतात, आणि घरगुती वापरातील सर्वांत मोठी गरज हीच. दट्ट्याचा म्हणजे पिस्टनचा व्यास लहान केला की कोणताही दुबळा पंप मोठा दाब निर्माण करू शकतो. मात्र तो हवा थेंबाथेंबाने देतो. म्हणून दाबाचा कमाल आकडा पंपाच्या ताकदीविषयी फारसे काही सांगत नाही.

त्याऐवजी आपल्याला किती हवा हलवायची आहे याचा हिशेब करावा, आणि तो सोपा आहे. मध्यम आकाराच्या मोटारीच्या टायरची पोकळी सुमारे ३० लिटरची असते. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय असल्यामुळे, टायरमधील दाब तेवढाच वाढवायचा झाला तर पोकळीएवढी म्हणजे ३० लिटर बाहेरची हवा आत ढकलावी लागते. थोडक्यात, एका पीएसआयला साधारण दोन लिटर हवा. चारही टायर प्रत्येकी तीन पीएसआयने उतरले असतील तर एकूण २४ लिटर हवा पुरते. परंतु पूर्ण बसलेला एकच टायर ३३ पीएसआयपर्यंत न्यायचा तर सुमारे ६६ लिटर लागतात, आणि तीही विश्रांती न देता, वाढत्या दाबाविरुद्ध. आपला दुसरा पंप नेमका याच कामात गेला. चार टायर थोडे थोडे भरण्याचे काम त्याने कदाचित दहा वर्षे केले असते.

पंप गरम का होतो हेही पाहू. हवा दाबली की ती तापते. तीस अंशांची हवा ३३ पीएसआयपर्यंत दाबली आणि तिची उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर गणिताने ती दीडशे अंशांच्या जवळपास पोचते. प्रत्यक्षात काही उष्णता सिलिंडरच्या भिंतीतून निघून जाते. पण ती भिंत प्लास्टिकची असेल तर जाणार कशी? घरगुती पंपांत वंगणतेल नसते, दट्ट्याची कडी विशिष्ट प्लास्टिकची असते आणि स्वस्त पंपांत मोटर व दट्ट्या यांना जोडणारी दातेरी चाकेही प्लास्टिकचीच असतात. उष्णतेने प्रथम कडी ढिली पडते, मग पंप आवाज पूर्वीइतकाच करतो पण हवा कमी देतो, म्हणून आपण तो आणखी वेळ चालवतो, आणि त्यातच त्याचा शेवट होतो.

यावरून टिकाऊपणाची मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारी खूण म्हणजे माहितीपुस्तिकेतील ‘सलग किती मिनिटे चालवावा आणि नंतर किती मिनिटे थांबवावा’ हे वाक्य. ज्या पंपाला दहा मिनिटे चालवून तेवढीच विश्रांती पुरते तो ठीक. पाच मिनिटांनंतर अर्धा तास थांबा असे सांगणारा पंप दुबळा आहे, पण निदान तो प्रामाणिक आहे. ज्याच्या पुस्तिकेत याविषयी अवाक्षरही नाही तो मी घेणार नाही. सिलिंडर धातूचा आहे का हे वजनावरून बरेचदा कळते. हातात घेतल्यावर खेळण्यासारखा हलका वाटणारा पंप खेळण्यासारखाच वागतो.

लिटरच्या आकड्याबाबत एक सावधगिरी बाळगावी. ‘मिनिटाला ३५ लिटर’ हा आकडा बहुधा मोकळ्या हवेतला असतो, म्हणजे नळी कशालाही न जोडता पंप चालवल्यावर मिळालेला. टायरमधील दाब वाढत जातो तसतसा तो निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. निर्मात्याने ‘अमुक आकाराचा टायर शून्यापासून अमुक दाबापर्यंत इतक्या मिनिटांत’ असे लिहिले असेल तर तो आकडा अधिक उपयोगाचा. वर सांगितलेल्या दोन लिटरच्या हिशेबाने आपण तो स्वतः पडताळूही शकता: ६६ लिटर सहा मिनिटांत भरणारा पंप प्रत्यक्ष कामात मिनिटाला ११ लिटर देतो, मग खोक्यावर काहीही छापलेले असो.

आता नळीविषयी. आपला पहिला पंप जिथे फाटला तिथेच बहुतेक पंप फाटतात, म्हणजे नळी पंपाच्या अंगाला जिथे मिळते तिथे. त्या सांध्यावर धातूची पट्टी किंवा लवचिक रबरी आवरण असावे आणि पंप ठेवताना नळी तिथे मुडपली जाऊ नये. विजेच्या पंपात तर सिलिंडरमधून आलेली गरम हवा प्रथम याच सांध्यातून जाते.

बॅटरीवर चालणारा घ्यावा का, या प्रश्नाला माझे उत्तर आपल्या बाबतीत ‘नाही’ असे आहे. आपली गरज बसलेला टायर भरण्याचीही दिसते, आणि हातात मावणाऱ्या पंपाला तेच काम सर्वांत जड जाते. धातूचा सिलिंडर असलेला, गाडीच्या सॉकेटवर १० अँपिअरच्या आसपास वीज घेणारा साधा पंप घ्यावा, आणि पूर्ण बसलेला टायर भरताना मध्येच एकदा आपण होऊन त्याला विश्रांती द्यावी.

प्रश्न : माझ्या पंपावरील काटा ३३ दाखवतो, मित्राच्या गेजवर, म्हणजे दाब मोजण्याच्या वेगळ्या उपकरणावर, तोच टायर २९ दाखवतो आणि हवा भरण्याच्या केंद्रावरचे यंत्र ३१ म्हणते. विश्वास कोणावर ठेवायचा?

उत्तर : यात पंपावरील काट्यावर सर्वांत कमी. पंप चालू असताना तो काटा टायरमधला दाब दाखवत नाही, तर नळीतला दाखवतो. हवा व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेतून आत ढकलायची म्हणजे नळीतला दाब टायरपेक्षा जास्त असावाच लागतो. म्हणून पंप बंद करावा, काही सेकंद थांबावे आणि मग वाचावे. ठरलेल्या दाबाला आपोआप थांबणाऱ्या पंपांतही हा दोष कमीअधिक असतो. तो थांबल्यावर आकडा खाली घसरताना दिसला तर पुन्हा एकदा चालू करावा.

दुसरे कारण काट्याच्या पट्टीत आहे. गेजची चूक साधारणपणे संपूर्ण पट्टीच्या टक्क्यांत सांगतात. शून्य ते १५० पीएसआयच्या पट्टीवर दोन टक्के चूक म्हणजे तीन पीएसआय. शून्य ते ६० च्या पट्टीवर तीच दोन टक्के चूक १.२ पीएसआय होते. पंपाच्या खोक्यावर मिरवलेला तो १५० चा आकडा इथे उलट आपलेच नुकसान करतो, कारण आपल्याला हवे असलेले सगळे आकडे पट्टीच्या पहिल्या चतुर्थांशात दाटीवाटीने बसतात आणि काट्याच्या जाडीतच दोन पीएसआय लपून जातात.

म्हणून माझा आग्रह असा आहे की पंपापेक्षा आधी एक स्वतंत्र गेज घ्यावे: काट्याचे असेल तर ६० पर्यंतच्या पट्टीचे, आणि अंकांचे असेल तर अर्ध्या पीएसआयपर्यंत दाखवणारे. अर्थात पडद्यावर दशांश दिसतो म्हणून ते बरोबर असतेच असे नाही. अंक बारीक असणे आणि अंक खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेज घरी आणल्यावर एकाच टायरवर लागोपाठ तीन वेळा लावून पाहावे. तिन्ही वेळा एकच आकडा, फार तर अर्ध्याचा फरक, आला तर ते भरवशाचे. त्याची जी काही ठाम चूक असेल ती चाके तपासणाऱ्या एखाद्या चांगल्या कार्यशाळेतील गेजशी एकदा ताडून कायमची लक्षात ठेवता येते. दर वेळी वेगळे सांगणाऱ्या गेजला मात्र काही इलाज नाही.

मित्राचे गेज लावताना हवा सुटण्याचा ‘फुस्स’ असा आवाज किती वेळ आला हेही आठवून पाहावे. क्षणभराने टायरला काही होत नाही, पण गेज तिरके धरले असेल तर ते नेहमी कमीच दाखवते. आपल्या तीन आकड्यांतील २९ चा उगम बहुधा तिथे असावा.

प्रश्न : टायरच्या बाजूवर ‘कमाल ५१ पीएसआय’ असे कोरलेले आहे. पंपावर तोच आकडा लावायचा ना?

उत्तर : कृपया लावू नये. तो टायरने सहन करायच्या कमाल दाबाचा आकडा आहे, आपल्या गाडीसाठी सांगितलेल्या दाबाचा नव्हे. गाडीसाठीचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर, इंधनाच्या झाकणामागे किंवा माहितीपुस्तिकेत असतो. पुढच्या व मागच्या चाकांसाठी, तसेच पूर्ण भरलेल्या गाडीसाठी तो वेगवेगळा असू शकतो. काही फलकांवर बार किंवा किलोपास्कल हे एकक असते. एक बार म्हणजे १४.५ पीएसआय आणि १०० किलोपास्कल, एवढे लक्षात ठेवले की पुरते. पंपावर एकक बदलण्याचे बटण असेल तर सुरू करण्यापूर्वी तेही पाहावे.

हा आकडा थंड टायरसाठी असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना किंवा जेमतेम दीड किलोमीटर चाललेली असताना. घरी पंप असण्याचा खरा फायदा हाच, की सकाळी गाडी हलवण्याआधी हवा पाहता येते. लांबच्या प्रवासानंतर दाब चार-पाच पीएसआयने वाढलेला दिसला तर तो उतरवू नये. टायर निवल्यावर तो आपोआप खाली येतो, आणि आपण हवा सोडली असेल तर गरजेपेक्षाही खाली जातो. बाहेरचे तापमान दहा अंशांनी उतरले तर दाब सुमारे दीड पीएसआयने कमी होतो. त्यामुळे ऋतू बदलताना चारही टायर एकदम थोडे बसलेले दिसले तर पंक्चरची शंका घेण्याचे कारण नाही. एकच टायर बसलेला असेल तर मात्र घ्यावी.

प्रश्न : माझे वय अडुसष्ट आहे. विजेच्या उपकरणांचा मला कंटाळा येतो. नातवाच्या सायकलसाठी घेतलेला उभा हातपंप घरात आहे. त्याने मोटारीचे टायर भरणे वेडेपणाचे ठरेल का?

उत्तर : मुळीच नाही. हा प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण या साध्या पंपाची बाजू घेणारे फार थोडे उरले आहेत.

सायकलच्या चांगल्या उभ्या पंपाचा आतला व्यास ३२ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ५० सेंटिमीटर धरली, तर एका ठोक्याला ०.४ लिटर हवा जाते. मघाच्या हिशेबाने चार टायर प्रत्येकी तीन पीएसआयने भरायला २४ लिटर लागतात, म्हणजे साठ ठोके. नळीत अडकून राहणारी आणि कडीतून निसटणारी हवा धरून सत्तर-ऐंशी समजा. एका टायरला वीसच्या आत. त्यात ३३ पीएसआयला ठोक्याच्या शेवटी दांडीवर जोर द्यावा लागतो तो १९ किलोंच्या आसपास, आणि तो हातांनी रेटायचा नसून शरीराचा भार वाकून टाकायचा असतो. गुडघे आणि कंबर यांची तक्रार नसेल तर हे काम दहा मिनिटांचे आहे.

नवा पंप आणताना मात्र जाड सिलिंडर असलेला घेऊ नये. जाड सिलिंडर एका ठोक्यात जास्त हवा देतो हे खरे, पण जोरही त्याच प्रमाणात वाढतो: ५५ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर त्याच दाबाला ५५ किलोंचा भार येतो. पायाने मारायच्या पंपात हा भार तरफेने विभागला जातो, म्हणून ते जाड असूनही चालतात; त्यांचा दोष वेगळा आहे. त्यांची बैठक पातळ पत्र्याची असते, ती पीळ खाते आणि काही महिन्यांनी दट्ट्या तिरका चालू लागतो. पायपंपच हवा असेल तर पाय ठेवल्यावर बैठक डगमगत नाही ना हे उभे राहून पाहावे.

आपल्या पंपाच्या तोंडाशी सायकलच्या बारीक व्हॉल्व्हसाठी एक आणि जाड व्हॉल्व्हसाठी एक अशी दोन छिद्रे असतील. मोटारीला जाड चालते. ती व्हॉल्व्हची जात श्रेडर या नावाने ओळखली जाते आणि तिचे पेटंट १८९३ मधील आहे; मोटारी इतक्या बदलल्या, पण हवा आत जायचे दार तेच राहिले, म्हणून सायकलचा पंप आजही आपल्या मोटारीला बसतो. पूर्ण बसलेल्या टायरला मात्र दोनशेच्या आसपास ठोके पडतील. त्या दिवशी नातवाला हाक मारावी.

प्रश्न : नवीन पंप सॉकेटला लावताच फ्यूज उडाला. मोठा फ्यूज बसवू का?

उत्तर : नको. फ्यूज त्या वायरीच्या रक्षणासाठी असतो, पंपाच्या सोयीसाठी नव्हे. मोठा फ्यूज बसवला की जळण्याचे काम वायरीकडे जाते. पंपावर किती वॅट लिहिले आहेत ते पाहून बाराने भागावे. १२० वॅटचा पंप १० अँपिअर घेतो, १८० वॅटचा १५, आणि मोटर सुरू होतानाचा क्षणिक झटका याहून मोठा असतो. सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते २० अँपिअरचा असतो. आपला नेमका कितीचा ते पुस्तिकेत मिळेल. मोठे पंप चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडायचे असतात आणि त्यांचा स्वतःचा फ्यूज असतो. तसा पंप घेतल्यास वायर आणि नळी मिळून मागच्या चाकापर्यंत पोचतात ना, हे आधी मोजावे. दुसरी वायर जोडून लांबी वाढवली की विजेचा दाब घटतो आणि पंप मंदावतो.

इंजिन चालू ठेवून पंप वापरला तर त्याला १२.५ ऐवजी सुमारे १४ व्होल्ट मिळतात आणि तो जोमाने चालतो. मात्र हे उघड्यावरच करावे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते, आणि खाली बसून हवा भरणारा माणूस धुराच्या नळीच्या फार जवळ असतो.

प्रश्न : टायर पूर्ण बसला होता. पंप वीस मिनिटे चालवला तरी हवा धरेना. पंप सदोष समजावा का?

उत्तर : बहुधा टायरची कड रिमपासून सुटली असावी. ट्यूबलेस टायरची कड पुन्हा बसवायला हवेचा एकदम मोठा लोट लागतो; घरगुती पंप जितकी हवा आत घालतो तितकीच फटीतून बाहेर जाते. हे काम टाकी असलेल्या मोठ्या कंप्रेसरचे आहे. टायर बसलेल्या अवस्थेत गाडी थोडी जरी चालवली असेल तर तो हवा भरण्याआधी उतरवून आतून तपासून घ्यावा, कारण त्याच्या बाजू आतल्या आत चुरडलेल्या असू शकतात आणि हवा भरताना अशी बाजू फुटू शकते. कोणताही टायर भरताना तोंड त्याच्या बाजूसमोर ठेवू नये, ही सवय तशीही चांगली.

प्रश्न : डॅशबोर्डवर टायरच्या दाबाचा दिवा आहे. तो लागत नाही तोवर पंप काढायची गरज आहे का? शिवाय टायरमध्ये नायट्रोजन भरला आहे, त्यात घरची हवा मिसळली तर?

उत्तर : अमेरिकेतील नियमानुसार तो दिवा दाब शिफारशीपेक्षा २५ टक्के खाली गेल्यावर लागला की पुरे. म्हणजे ३३ चा टायर जवळजवळ २५ वर येईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. धडधाकट टायरही महिन्याला एक-दोन पीएसआय गमावतो, तेव्हा दिव्याची वाट पाहणे म्हणजे कित्येक महिने कमी हवेवर गाडी चालवणे. काही गाड्यांत हवा भरल्यानंतर ही यंत्रणा नव्याने नोंदवावी लागते.

नायट्रोजनची काळजी करू नये. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

प्रश्न : बॅटरीवर चालणारा छोटा पंप भेट मिळाला आहे. तो डिकीतच ठेवला तर चालेल का?

उत्तर : उन्हात उभ्या गाडीत नको. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही, आणि बंद गाडीतील तापमान बाहेरच्या मानाने बरेच वर जाते. पंप घरात, अर्धी-पाऊण बॅटरी भरून ठेवावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी पाहावे; संपूर्ण उतरलेल्या स्थितीत पडून राहिलेली बॅटरी पुन्हा चार्ज होईलच असे नाही. लांबच्या प्रवासाला निघताना तो बरोबर घ्यावा. पंधरवड्याच्या एखाद-दुसऱ्या पीएसआयसाठी हा पंप उत्तम आहे, कारण वायर नसल्यामुळे तो काढायचा कंटाळा येत नाही. त्याच्या नळीचे तोंड आट्यांचे असेल तर काढताना भरभर फिरवावे. हळू फिरवले तर भरलेल्यातली थोडी हवा निघून जाते, आणि शेवटचा आकडा गेजवर पुन्हा पाहूनच व्हॉल्व्हचे टोपण लावावे.